अमेरिकन केबलवरचा दिवसाचा बातम्यांचा तास कंट्रोल रूममधून कसा चालवतात?

प्रश्न असा आहे: “मी मुंबईत एका मराठी वृत्तवाहिनीच्या आउटपुट डेस्कवर रनडाऊन (कोणती बातमी कधी आणि किती वेळ, याची यादी) सांभाळतो. सीएनएन, फॉक्स यांच्यावर सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत जे सलग बातम्यांचे तास चालतात, ते आतून कसे बांधतात? मध्येच मोठी बातमी आली की ठरलेल्या रनडाऊनचं काय करतात?”

आधी कोणत्या कार्यक्रमांबद्दल बोलतोय ते सांगतो. सीएनएनवर २००६च्या सप्टेंबरपासून दिवसाचे तास ‘सीएनएन न्यूजरूम’ या नावाने चालत. २०२३च्या एप्रिलपासून त्यातल्या बहुतेक तासांची जागा ‘सीएनएन न्यूज सेंट्रल’ने घेतली आणि एका वेळी तीन अँकर अशी मांडणी आली. फॉक्स न्यूजवर सकाळी ‘अमेरिकाज न्यूजरूम’ असतो. तिसरी वाहिनी एमएसएनबीसी, जिचं नाव नोव्हेंबर २०२५ पासून एमएस नाऊ झालं आहे. संध्याकाळी आठनंतरचे मतं मांडणारे कार्यक्रम हा वेगळाच धंदा आहे, त्यात इथे शिरत नाही.

दिवसाचा तास मोडण्यासाठीच बांधलेला असतो. सकाळी सहा-सातच्या मीटिंगनंतर जो रनडाऊन तयार होतो, त्याचा अर्थ एवढाच की “काहीच घडलं नाही तर आपण हे दाखवू.” म्हणून चांगला रनडाऊन तो, ज्यातली कुठलीही ओळ काढली तरी बाकीचा तास उभा राहतो. तुमच्याकडे बुलेटिनमध्ये पॅकेजला पॅकेज (रिपोर्टरने आधीच कापून तयार ठेवलेली संपूर्ण बातमी) जोडून साखळी केली जाते, एक दुवा तुटला की अँकर उघडा पडतो. तिथे दिवसा पॅकेज फार कमी वापरतात. बहुतेक ओळी म्हणजे अँकर वाचतो त्यावर व्हिडिओ (‘व्हीओ’), त्यानंतर बाईट (त्यांच्या भाषेत ‘सॉट’), मग रिपोर्टर लाइव्ह, मग पाहुणा. हे सगळं लांबवता येतं, आखडता येतं, सोडून देता येतं. अडीच मिनिटांच्या पॅकेजला मध्ये कापलं तर ते कापलेलंच दिसतं.

काहीच घडलं नाही तरी काही गोष्टी घड्याळावर ठरलेल्या असतात, आणि रनडाऊन प्रोड्यूसरने त्या सगळ्यांत आधी पानावर मांडायच्या असतात. महिन्याचे रोजगाराचे आकडे सकाळी साडेआठला, बहुधा पहिल्या शुक्रवारी. शेअर बाजार साडेनऊला उघडतो, चारला बंद होतो. सुप्रीम कोर्टाचे निकाल जाहीर व्हायचे दिवस असतील तर सकाळी दहा वाजता, आणि मोठे निकाल बहुतेक जूनच्या शेवटी. फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचा व्याजदराचा निर्णय दुपारी दोनला आणि त्या बँकेच्या अध्यक्षांची पत्रकार परिषद अडीचला. या वेळा ईस्टर्न टाइमच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या घड्याळाच्या. व्हाइट हाऊसमधला कार्यक्रम मात्र वेळेवर सुरू होईलच असं कधीच धरायचं नाही. तिथे ‘टू मिनिट वॉर्निंग’, म्हणजे दोन मिनिटांत सुरू होतंय असा इशारा, मिळाली की मगच हालचाल करायची, आणि ती मिळाल्यावरही अँकरच्या हाती चार-पाच मिनिटं बोलता येईल एवढा मजकूर ठेवायचा. तिथला कॅमेरा पूलचा असतो. एबीसी, सीबीएस, एनबीसी, सीएनएन आणि फॉक्स पाळीपाळीने तो सांभाळतात आणि चित्र सगळ्यांना मिळतं. म्हणजे चित्र सगळ्यांकडे एकच. फरक पडतो तो त्या आधीच्या आणि नंतरच्या मिनिटांत.

आता गणित. समजा १० ते ११चा तास आहे. जाहिराती आणि प्रोमो मिळून पाव तास धरू, उरली ४५ मिनिटं. सहा ब्लॉक आणि पाच ब्रेक, प्रत्येक ब्रेक ३ मिनिटांचा. ए ब्लॉक १६ मिनिटं, बी ८, सी ७, डी ६, ई ५ आणि एफ ३. बेरीज ४५. म्हणजे पहिला ब्रेक १०:१६ला, दुसरा १०:२७ला, तिसरा १०:३७ला, चौथा १०:४६ला, पाचवा १०:५४ला आणि एफ ब्लॉक १०:५७ला सुरू. ए ब्लॉक मुद्दाम लांब ठेवतात: तास सुरू झाल्यावर पहिला पाव तास सलग गेला पाहिजे, प्रेक्षक बसला पाहिजे. आधीचा कार्यक्रम संपून हा सुरू होताना मध्ये ब्रेक घेत नाहीत, एका कंट्रोल रूममधून थेट दुसऱ्या कंट्रोल रूमकडे उडी. याला ‘हॉट स्विच’ म्हणतात आणि म्हणूनच ११:००:०० ही वेळ न हलणारी, म्हणजे ‘हार्ड’ असते. बाकीचे ब्रेक बहुतेक ‘सॉफ्ट’, मिनिट-दोन मिनिटं पुढेमागे सरकतात.

हार्ड वेळेकडे उलटं मोजत जायचं, यालाच बॅकटाइम म्हणतात. एफ ब्लॉक जवळून बघू. शेवटी अँकरचा निरोप १५ सेकंद, म्हणजे तो १०:५९:४५ला सुरू व्हायला हवा. त्याआधी व्हीओ ४५ सेकंदांचा, म्हणजे १०:५९:००ला. त्याआधी रिपोर्टर लाइव्ह २ मिनिटं, म्हणजे १०:५७:००ला. आता ई ब्लॉकमधला पाहुणा लांबला आणि ब्रेकमधून परत यायला १०:५७:२५ झाले. तुमच्याकडे २५ सेकंद कमी आहेत. दोन मार्ग: रिपोर्टरला १:३५ द्यायची, नाहीतर व्हीओ २० सेकंदांचा करायचा. अनुभवी प्रोड्यूसर व्हीओच कापतो, कारण ते त्याच्या हातात आहे. रिपोर्टरला ऐनवेळी १:३५ सांगितलं तरी तो २:०० बोलणार हे धरून चालावं. आणि निर्णय १०:५७:२५ला घ्यायचा. १०:५९ला घेतला तर प्रॉम्प्टरवर अर्धी ओळ तशीच राहते आणि अँकर वाक्याच्या मध्यात कापला जातो.

आयन्यूज असो की ईएनपीएस, सॉफ्टवेअर बॅकटाइम आपोआप दाखवतं. पण ते स्क्रिप्टच्या शब्दसंख्येवरून वेळ काढतं आणि प्रत्येक अँकरचा वाचनाचा वेग वेगळा असतो. सिस्टीममध्ये त्या अँकरचा वेग भरलेला नसेल तर तासाभरात दीड-दोन मिनिटांचा घोळ सहज होतो. सुट्टीवरच्या अँकरच्या जागी दुसरा बसला त्या दिवशी हे हमखास होतं.

टाइमकोडचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेल्या वेळेच्या आकड्याचा, एक सापळाही सांगून ठेवतो. अमेरिकेत व्हिडिओ सेकंदाला २९.९७ फ्रेम्सचा असतो, तुमच्या २५ फ्रेम्ससारखा सरळ नाही. ड्रॉप-फ्रेम टाइमकोडमध्ये दर मिनिटाला दोन फ्रेमचे आकडे गाळतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. तासाला १०८ आकडे. कुणी नॉन-ड्रॉपवर मोजून लांबी भरली तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. छोट्या क्लिपला काही होत नाही, पण लांब भाषण रेकॉर्ड करून त्यातून वेळेवर बाहेर पडायचं असेल तर इथेच फसतात.

ब्रेक सरकवताना आणखी एक बंधन असतं. प्रत्येक तासातली ढोबळ दोन मिनिटं स्थानिक केबल कंपन्यांची असतात, गावोगावच्या जाहिराती तिथे बसतात. त्यासाठी सिग्नलमध्ये एससीटीई-३५ नावाचा संदेश ब्रेकच्या काही सेकंद आधी जातो. संदेश गेला आणि तुम्ही शेवटच्या क्षणी ब्रेक रद्द केलात तर कुठल्यातरी गावात ब्रेकिंग न्यूजच्या डोक्यावर फर्निचरच्या दुकानाची जाहिरात चढते. म्हणून ब्रेक रद्द करायचा तर वाहिनीचा अंतिम सिग्नल आणि जाहिराती सोडणाऱ्या मास्टर कंट्रोलला (तुमच्या भाषेत एमसीआरला) निदान अर्धा मिनिट आधी सांगायचं, आणि “ब्रेक रद्द” हे शब्द तिकडून परत ऐकायचे. गाळलेल्या जाहिरातींची भरपाई पुढच्या तासांत करावी लागते, ते जाहिरातींचं वेळापत्रक सांभाळणारा ट्रॅफिक विभाग बघतो. ते ओझं प्रोड्यूसरने बातमीच्या क्षणी डोक्यावर घ्यायचं नाही.

खोलीत कोण असतं? ज्याला तिथे लाइन प्रोड्यूसर म्हणतात तो आपल्या सिनेमातल्या लाइन प्रोड्यूसरसारखा खर्चपाणी बघत नाही. तो रनडाऊन आणि घड्याळ सांभाळतो. कार्यकारी प्रोड्यूसर मजकुराचा निर्णय घेतो आणि बहुधा अँकरच्या कानात तोच बोलतो. डायरेक्टर शॉट सांगतो, टेक्निकल डायरेक्टर स्विचरची, म्हणजे कोणतं चित्र हवेत जाईल ते बदलणाऱ्या यंत्राची, बटणं दाबतो. ऑडिओ, ग्राफिक्स, प्लेबॅक, प्रॉम्प्टर वेगवेगळे. बुकर पाहुणे बघतात. असाइनमेंट डेस्क बाहेर असतो, पण त्याचा आवाज खोलीत सतत चालू असतो.

कानातल्या त्या यंत्रणेला आयएफबी म्हणतात, तुमचा टॉकबॅक. ती नीट वापरणं ही या कामातली सर्वांत कमी शिकवली जाणारी गोष्ट आहे. पाहुणा बोलत असताना अँकरच्या कानात बोलायचं, अँकर बोलत असताना शक्यतो नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. “पुढे फोनवर शेरीफ, नाव स्क्रीनवर आहे” इतकंच. “आपल्याला कळतंय की कदाचित शेरीफ येतील, पण आधी तो व्हिडिओ, नाही थांबा” असं कानात गेलं की अँकरच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसतो आणि प्रेक्षकाला वाटतं अँकर कच्चा आहे.

आता मुख्य प्रश्न. १०:०७ला, ए ब्लॉकच्या मध्यावर, असाइनमेंट डेस्कवरून आवाज येतो: एका शहरातल्या मॉलमध्ये गोळीबार, स्थानिक संलग्न स्टेशनचं (वाहिनीशी करार असलेल्या तिथल्या टीव्ही स्टेशनचं) हेलिकॉप्टर वर आहे. पुढच्या दोन मिनिटांत या गोष्टी व्हायला हव्यात.

पहिला प्रश्न “हे दाखवायचं का?” हा नसतो. “हे कोणी सांगितलं?” हा असतो. पोलिसांच्या स्कॅनरवरचं बोलणं ही माहिती धरत नाहीत. स्कॅनरवर अफवा, चुकीचे पत्ते, दुसऱ्या घटनेतला मजकूर सगळं एकत्र असतं. पोलीस प्रवक्ता, शेरीफचं कार्यालय, रुग्णालयाचा प्रवक्ता, आपला रिपोर्टर किंवा स्टेशनचा रिपोर्टर यांच्यापैकी कुणीतरी नावानिशी हवं. आणि दोन स्रोत वेगळे आहेत का हे बघावं लागतं. जानेवारी २०११मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनला काँग्रेस सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळीबार झाला. तेव्हा त्यांचा मृत्यू झाल्याचं एनपीआर या सार्वजनिक रेडिओने दिलं आणि केबल वाहिन्यांनीही ते उचललं. त्या जिवंत होत्या. पाच वाहिन्यांवर एकच गोष्ट दिसली म्हणजे पाच स्रोत झाले असं वाटतं, पण मूळ नळ एकच असू शकतो. डेस्कने स्वतः फोन लावल्याशिवाय मृत्यूची बातमी द्यायची नाही, दुसरा कुणीही देत असला तरी.

दुसरी गोष्ट, अँकरला पहिलं वाक्य द्यायचं. ११ सप्टेंबर २००१ला पहिलं विमान ८:४६ला आदळलं आणि ८:४९ला सीएनएनवर कॅरल लिन यांनी चित्र दाखवलं. त्यांनी समोर दिसतंय ते वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे असं सांगितलं, आणि विमान आदळल्याच्या वृत्तांना अजून दुजोरा मिळालेला नाही हेही सांगितलं. काय दिसतंय, काय ऐकू येतंय, आणि काय अजून पक्कं नाही, हे तीन कप्पे पहिल्याच वाक्यात वेगळे ठेवता आले पाहिजेत. त्यासाठी अँकरजवळ बातमी नसते, फक्त सवय असते. ती सवय शांत दिवसात लागते.

तिसरी, खालची पट्टी. तिथे लोअर थर्ड किंवा ‘कायरॉन’ म्हणतात, तुमच्याकडे ॲस्टन. अँकर “पोलिसांच्या म्हणण्यानुसार” म्हणत असतो आणि खाली ठळक अक्षरांत “मॉलमध्ये तिघे ठार” असं निर्विवाद विधान चाललेलं असतं, ही सर्रास होणारी चूक आहे. आवाज बंद करून टीव्ही बघणारे असंख्य असतात: विमानतळ, जिम, बँकेची शाखा. त्यांच्यासाठी पट्टी हीच बातमी. म्हणून स्रोत पट्टीतच हवा, आणि पट्टी लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी ती वाचल्याशिवाय हवेत जाऊ नये. स्पेलिंगसाठी तर हवंच, पण खरं कारण निर्णायक शब्द. “ठार”, “अटक”, “रद्द”, “विजयी” हे चार शब्द दोन जोडी डोळ्यांखालून गेलेच पाहिजेत.

चौथी, चित्र. संलग्न स्टेशनांचं साहित्य सीएनएन न्यूजसोर्स, फॉक्स न्यूजएज, एनबीसी न्यूज चॅनल अशा देवघेवीच्या सेवांतून येतं. सोबत अटी येतात: श्रेय द्यायचं, त्या शहरात अमुक स्टेशनला देऊ नये, वगैरे. घाईत सगळ्यांत जास्त विसरली जाते ती “फाइल” ही चिठ्ठी. जुना व्हिडिओ चालवलात तर तो जुना आहे हे पूर्ण वेळ स्क्रीनवर दिसलं पाहिजे, फक्त पहिले तीन सेकंद नाही. प्रेक्षक चौथ्या सेकंदाला चॅनल लावतो.

पाचवी, रनडाऊन. काहीही डिलीट करायचं नाही. ए ब्लॉकच्या उरलेल्या ओळी ‘फ्लोट’ करायच्या, म्हणजे त्या पानावर राहतात पण वेळेत मोजल्या जात नाहीत. बातमी पोकळ निघाली तर दोन मिनिटांत परत येता येतं. वाट बघणाऱ्या पाहुण्याला बुकरने लगेच कळवायचं, त्याला वीस मिनिटं काळ्या पडद्यासमोर बसवून ठेवलं तर तो पुन्हा येत नाही. आणि दर आठ-दहा मिनिटांनी अँकरने ‘रिसेट’ करायचं: आत्ता काय माहीत आहे, कोणी सांगितलं, किती वाजता सांगितलं. वेळ सांगणं फार महत्त्वाचं. “पोलिसांनी १०:०७ला सांगितलं” हे वाक्य १०:४०लाही खरं राहतं. “पोलीस सांगताहेत” हे राहत नाही.

हेलिकॉप्टरचं चित्र लाइव्ह घ्यायचं तर विलंब लावावा लागतो, म्हणजे चित्र काही सेकंद उशिराने हवेत सोडावं लागतं, आणि विलंब यंत्राने आपोआप काही वाचत नाही. २८ सप्टेंबर २०१२ला फॉक्स न्यूजवर दुपारच्या तासात ॲरिझोनातला गाडीचा पाठलाग लाइव्ह चालू होता. विलंब लावलेला होता, तरीही त्या माणसाने स्वतःवर गोळी झाडल्याचं दृश्य हवेत गेलं. अँकर शेपर्ड स्मिथ “यातून बाहेर पडा” असं ओरडत होते. नंतर त्यांनी हवेतच माफी मागितली. पाच सेकंदांच्या विलंबाचा हिशेब मांडून बघा: काय घडतंय हे ओळखायला दीड-दोन सेकंद, बोलायला एक, ऐकून बटण दाबायला अर्धा ते एक. हातात फार तर एक-दोन सेकंद उरतात. त्यामुळे निर्णय आधीच घ्यावा लागतो. गाडी थांबली, माणूस बाहेर आला, हातात काही दिसलं, यापैकी काहीही झालं की लगेच अँकरवर जायचं, पुढे काय होतंय याची वाट बघायची नाही. टेक्निकल डायरेक्टरच्या प्रिव्ह्यूवर अँकरचा शॉट सतत तयार हवा. विलंबाआधीचं चित्र ज्याच्या मॉनिटरवर आहे त्या एकाच माणसाला “बाहेर” म्हणायचा अधिकार हवा, आणि तो माणूस त्या वेळी फोनवर नसावा. हेलिकॉप्टरला शॉट रुंद ठेवायला सांगणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो.

कोर्टाच्या निकालाचं प्रकरण वेगळं, आणि मला वाटतं दिवसाच्या तासातली सगळ्यात कठीण परीक्षा तीच. २८ जून २०१२, सकाळी दहा. ओबामांच्या आरोग्य विमा कायद्यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल. कोर्टात कॅमेरा नाही, आत फोन नेता येत नाही. छापील प्रती माहिती कार्यालयात वाटतात आणि तरुण इंटर्न त्या हातात धरून बाहेरच्या कॅमेऱ्यांकडे धावत सुटतात. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांच्या निकालात आधी असं होतं की व्यापाराच्या कलमाखाली विमा सक्तीचा करता येत नाही. पुढे पानं उलटल्यावर असं होतं की कर बसवायच्या अधिकाराखाली ती तरतूद टिकते. सीएनएन आणि फॉक्स दोघांनीही पहिला भाग वाचून सक्ती रद्द झाल्याचं सांगितलं. पट्टी गेली, सीएनएनच्या वेबसाइटवर आणि ट्विटरवरही तेच गेलं. सीएनएनला दुरुस्तीला सहा-सात मिनिटं लागली. खरा निकाल ५ विरुद्ध ४ने कायदा टिकवणारा होता.

चूक वाचणाऱ्याची होती असं म्हणून सोडून देता येत नाही, रचना चुकीची होती. वाचणारा माणूस, फोनवर सांगणारा माणूस आणि पट्टी लिहिणारा माणूस यांच्यामध्ये “पूर्ण वाचलंत का?” असं विचारणारं कुणी नव्हतं. मोठ्या निकालाच्या दिवशी असं करावं: दोन वाचक, एक पुढून आणि एक मागून वाचणारा. मागच्याने आधी सारांशाच्या शेवटाकडची ती ओळ बघायची, जिथे खालच्या कोर्टाचा निकाल कायम, रद्द, की अंशतः कायम हे लिहिलेलं असतं. तिथे “अंशतः” हा शब्द दिसला तर सगळ्यांनी थांबायचं. दोघांचं उत्तर जुळेपर्यंत अँकरने एवढंच म्हणायचं: “निकाल आला आहे, आमचे प्रतिनिधी तो वाचताहेत.” पट्टीवरही तेच. हे दोन मिनिटं हवेत धरून ठेवणं अवघड वाटतं, पण प्रेक्षकाला ते अजिबात खटकत नाही. खटकतं ते आपल्यालाच, कारण समोरच्या मॉनिटरच्या भिंतीवर इतर वाहिन्या दिसत असतात. अशा दिवशी त्या मॉनिटरकडे बघायचं काम एकाच माणसाला द्यावं आणि बाकीच्यांनी पाठ फिरवावी.

दुरुस्ती करतानाही एक क्रम आहे. चूक एका जागी राहत नाही: अँकरच्या तोंडी, पट्टीत, खालच्या धावत्या टिकरमध्ये, मोबाइलवर गेलेल्या अलर्टमध्ये, सोशल मीडियावर, आणि पुढच्या तासाच्या कॉपी-पेस्ट केलेल्या स्क्रिप्टमध्ये. शेवटची जागा सगळ्यात धोकादायक. अँकरने चूक सुधारली, पट्टी बदलली, आणि १२ वाजता नव्या टीमने जुन्याच स्क्रिप्टवरून तीच चूक पुन्हा वाचली, असं होऊ शकतं. म्हणून दुरुस्तीचा संदेश सिस्टीमवर सगळ्यांना जायला हवा आणि मूळ स्क्रिप्टच्या शीर्षकातच “वापरू नका” असं लिहायला हवं. हवेत दुरुस्ती करताना आधी काय चुकीचं सांगितलं ते उच्चारायचं, मग बरोबर काय ते. नुसतं नवं सांगून पुढे गेलं तर ज्याने जुनं ऐकलंय तो दोन्ही खरं मानतो.

लाइव्हच्या तांत्रिक बाजूबद्दल थोडं, कारण तुमच्याकडेही हाच त्रास आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो, सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद. हल्ली मोबाइल सिमकार्डं एकत्र बांधून चालणाऱ्या बॅकपॅकमधून, लाइव्हयूसारख्या यंत्रांमधून, चित्र येतं, आणि ते स्थिर हवं असेल तर एक-दोन सेकंदांचा विलंब स्वीकारावा लागतो. प्रश्न विचारल्यावर रिपोर्टर नुसता बघत राहतो तो यामुळे. उपाय साधा: अँकरने प्रश्न आखूड ठेवायचा, शेवटी शेपूट जोडायचं नाही, आणि डायरेक्टरने प्रश्न संपायच्या आत दोन चौकटींमधून एकट्या रिपोर्टरवर जाऊ नये.

रिपोर्टर बोलता बोलता अडखळायला लागला, कानाला हात लावला, तर समजा मिक्स-मायनस बिघडलं. मिक्स-मायनस म्हणजे कार्यक्रमाचा सगळा आवाज, फक्त रिपोर्टरचा स्वतःचा वजा करून. तो वजा झाला नाही तर त्याला स्वतःचेच शब्द सेकंदभराने ऐकू येतात, आणि अशा वेळी सलग बोलणं जवळजवळ अशक्य असतं. त्याने कानातलं काढून बोलणं चालू ठेवावं, ऑडिओवाल्याने तोवर आवाजाची वाट (‘बस’) तपासावी, आणि थांबायची खूण कॅमेरामनने हाताने द्यावी. प्रत्येक लाइव्हच्या पाच मिनिटं आधी एकच चाचणी पुरते: रिपोर्टरला दहापर्यंत आकडे म्हणायला सांगा आणि विचारा, स्वतःचा आवाज परत येतोय का? “ऐकू येतंय का?” हा प्रश्न निरुपयोगी आहे, ऐकू तर येतंच असतं.

दोन कायदेशीर गोष्टी. केबल वाहिनीला स्थानिक स्टेशनसारखा एफसीसी या अमेरिकी नियामक संस्थेचा परवाना नसतो, पण काही नियम तिलाही लागतात. कॅप्शन्स त्यात येतात. लाइव्ह कॅप्शन करणाऱ्याला पाहुण्यांची नावं आणि गावांची यादी तास सुरू व्हायच्या आधी गेली नाही तर नावांची पार मोडतोड होते. शिवाय कॅप्शनने पट्टी झाकली जाऊ नये हेही बघावं लागतं. दुसरं म्हणजे आणीबाणीच्या इशाऱ्याचे सूर. खरी आणीबाणी किंवा अधिकृत चाचणी नसताना ते प्रसारित करायला मनाई आहे. २०१४मध्ये एका चित्रपटाच्या जाहिरातीत ते वाजले म्हणून एफसीसीने केबल वाहिन्या चालवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांवर मिळून सुमारे १९ लाख डॉलरच्या दंडाचा प्रस्ताव ठेवला. चक्रीवादळाच्या बातमीत प्रेक्षकाने पाठवलेल्या मोबाइल व्हिडिओत तो सूर मागे वाजत असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. असा प्रत्येक व्हिडिओ आवाजासकट ऐकून, सूर काढूनच पुढे द्यायचा.

आणि खोलीच सोडावी लागली तर? २४ ऑक्टोबर २०१८ला सकाळी दहाच्या सुमारास न्यूयॉर्कच्या टाइम वॉर्नर सेंटरमध्ये सीएनएनचे अँकर जिम शूटो आणि पॉपी हार्लो हे क्लिंटन आणि ओबामा यांना पाठवलेल्या संशयास्पद पाकिटांची बातमी देत होते, आणि त्यांच्याच इमारतीतला अलार्म हवेत वाजू लागला. सीएनएनच्या पत्त्यावरही तसंच पाकीट आलं होतं. दोघं उठले, आणि थोड्या वेळात रस्त्यावरून मोबाइल फोनवर बातमी देऊ लागले. वाहिनी काळी पडली नाही, कारण प्रसारण दुसऱ्या शहरातून उचलता आलं. हे जमायला तीन गोष्टी आधीपासून तयार लागतात: दुसऱ्या शहरात चालू स्थितीतली कंट्रोल रूम आणि समोर बसलेला अँकर, इमारतीबाहेर असलेलं मास्टर कंट्रोल, आणि प्रत्येक अँकरच्या फोनमध्ये आधीच बसवलेलं, चाचणी घेतलेलं लाइव्ह ॲप. यातली तिसरी गोष्ट जवळजवळ फुकट आहे. तुमच्या वाहिनीत उद्यापासून करता येईल: दर सोमवारी प्रत्येक अँकरने ऑफिसच्या गेटबाहेर उभं राहून, मोबाइल डेटावर, दोन मिनिटं पीसीआरला (कंट्रोल रूमला) चित्र द्यायचं.

मुंबईतून अमेरिकेचं फीड घेताना एवढं लक्षात ठेवा: तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणून तिथले सकाळचे दहा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसात, आणि हिवाळ्यात साडेआठ. फेडचा निर्णय रात्री साडेअकराला की साडेबाराला, हेही त्यावरच. साडेबारा असेल तेव्हा तारीख बदललेली असते, आणि रनडाऊन आदल्या दिवशीच्या पानावर पडून राहतो.